समाधान झालं, की मानून घेतलं?

आत्याला डिस्चार्ज मिळाला त्या दुपारी सिस्टरनी माझ्या हातात एक कागद दिला. दहा-बारा प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन : उत्तम, चांगले, साधारण, असमाधानकारक. डॉक्टरांची वागणूक, परिचारिकांची वागणूक, स्वच्छता, जेवण, औषधं. "पटकन भरून द्या, पुढचा पेशंट कधीचा खाली थांबलाय," असं त्या म्हणाल्या आणि ते खरंच होतं. स्ट्रेचर वॉर्डच्या दारात येऊन उभं होतं. मी आत्याला विचारलं, काय लिहू? शिवडीच्या चाळीत पन्नास वर्षं काढलेली ती बाई म्हणाली, "सगळं चांगलंच लिही. पोरं किती राबतात बघितलंस ना? आणि उद्या काही झालं तर आपल्याला परत इथंच यायचंय."

मी सगळीकडे 'उत्तम'वर खूण केली.

मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात ती अकरा दिवस होती. हृदयविकाराचा झटका, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी), मग विश्रांती. त्यातल्या तीन रात्री तिने दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून काढल्या. दोन औषधं बाहेरच्या दुकानातून आणावी लागली. पण तिचा जीव वाचला आणि तो वाचवणारी मुलं-मुली तिच्या नातवाच्या वयाची होती, हे तिने पाहिलं होतं. तिच्या उत्तरात कृतज्ञता होती. भीतीही होती. दोन्ही खऱ्या होत्या आणि कागदावरच्या चार चौकोनांत दोन्ही मिळून एकच खूण उमटली.

पुढचं सांगायला हवं. घरी आल्यावर गोळ्यांची पट्टी संपली, तशी तिने ती गोळी बंद केली. छातीत दुखत नव्हतं, मग कशाला घ्यायची? स्टेंट घातल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्या मध्येच सोडल्या तर स्टेंट बंद पडू शकतो, हे तिला कुणी तिच्या भाषेत सांगितलेलं नव्हतं. मलाही नाही. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. चाळीतली एक मुलगी नर्स आहे, तिने सहज विचारलं म्हणून ते उघडकीला आलं. त्या रुग्णालयाच्या फायलीत मात्र आमच्या बाजूने बारा वेळा 'उत्तम' लिहिलेलं आहे आणि ते मीच लिहिलं आहे.

मराठीत समाधान 'होतं' आणि समाधान 'मानलं' जातं. या दोन क्रियापदांत केवढं अंतर आहे! पोटभर जेवल्यावर समाधान होतं. अर्ध्या भाकरीवर समाधान मानावं लागतं. आपल्याकडे लहानपणापासून दुसरं शिकवलं जातं आणि गरिबाच्या घरात तर तोच जगण्याचा मार्ग असतो. मग आपण रुग्णाला विचारतो, "तुम्ही समाधानी आहात का?" आणि तो हो म्हणतो, तेव्हा आपण नेमकं काय मोजलं? माझं म्हणणं असं आहे की आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत समाधानाचे जे आकडे गोळा होतात, ते बहुतेक वेळा मानून घेतलेल्या समाधानाचे असतात. त्यावरून रुग्णालय चांगलं आहे असं ठरवणं म्हणजे माणसाच्या सोसण्याला सेवेचा दर्जा समजणं आहे.

अमर्त्य सेन यांनी आजारपणाबद्दल याच जातीची गोष्ट दाखवून दिली होती. "तुम्हाला काही आजार आहे का?" असं लोकांना विचारलं, तर भारतात सर्वाधिक आजार केरळचे लोक सांगतात आणि बिहारचे लोक खूप कमी. प्रत्यक्षात तेव्हा आयुर्मान केरळमध्ये सर्वांत जास्त होतं. म्हणजे जिथे शिक्षण आहे, दवाखाना जवळ आहे, डॉक्टर भेटतो, तिथे माणसाला आपलं दुखणं ओळखता येतं आणि बोलून दाखवता येतं. जिथे यातलं काहीच नाही, तिथे दुखणं हीच रोजची स्थिती होते. रुग्णांच्या समाधानालाही हेच लागू पडतं. ज्याने गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप पाहिलं आहे, त्याला मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयात आल्यावर दिवसातून दोनदा डॉक्टर राऊंडला येतात हेच अप्रूप वाटतं. त्याच्या 'उत्तम'मध्ये त्याच्या गावची हकिकत असते, परळची थोडीच.

सरकारी पातळीवर प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही व्यवस्था सुरू केली. नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर एसएमएस येतो किंवा आपोआप लागणारा फोन येतो : समाधानी आहात की नाही? नसाल तर कारण काय, कर्मचाऱ्यांची वागणूक, अस्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा की आणखी काही? कल्पना चांगली आहे. रुग्ण घरी गेल्यावर विचारणं, त्याच्या भाषेत विचारणं, हे दोन्ही योग्यच. पण केसपेपरवरचा मोबाइल नंबर कुणाचा असतो ते कोणत्याही खिडकीवर उभं राहून बघा. म्हाताऱ्या आईच्या कागदावर कामावर गेलेल्या मुलाचा नंबर असतो, बीडहून आलेल्याच्या कागदावर ज्याच्याकडे तो उतरलाय त्या गाववाल्याचा. शिवाय 'समाधानी' आणि 'असमाधानी' एवढीच पहिली निवड दिली, की आत्यासारखी माणसं कुठलं बटण दाबणार हे सांगायला पंडित नको.

प्रसूतीगृहांसाठी २०१७ च्या अखेरीस 'लक्ष्य' हा कार्यक्रम आला. बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा त्याचा घोषित हेतू आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण बाळंतपणाच्या कळा देताना ओरडा खाल्लेल्या, क्वचित चापटही खाल्लेल्या बायका आपल्या घराघरांत आहेत. या कार्यक्रमात दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, ठरवलेले निर्देशांक गाठले आणि ८० टक्के लाभार्थी समाधानी असले, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला ६ लाख, जिल्हा रुग्णालयाला ३ लाख रुपयांचं प्रोत्साहन आहे. इथे मला काळजी वाटते. पैसा आणि आकडा एकत्र बांधले की आकडा सुधारण्याचे दोन रस्ते तयार होतात. एक, बाईला नीट वागवणं. दुसरा, खाटेजवळ उभं राहून तिच्याकडून कागद भरून घेणं. दुसरा रस्ता स्वस्त आहे आणि त्यात कुणी मुद्दाम खोटं वागतंय असंही नसतं. कामाच्या रगाड्यात तोच हाताशी येतो, आमच्या वॉर्डात आला तसा.

अमेरिकेने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. तिथे २००८ पासून देशभरातल्या रुग्णालयांचे रुग्णांनी दिलेले गुण जाहीर होऊ लागले आणि २०१२ पासून सरकारी विम्याच्या पैशाचा काही भाग त्या गुणांवर ठरू लागला. प्रश्नांमध्ये वेदनेबद्दलचाही प्रश्न होता : तुमच्या वेदनेवर नीट नियंत्रण ठेवलं गेलं का? प्रश्न माणुसकीचाच. पण त्याच काळात तिथे अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने थैमान घातलं होतं आणि रुग्ण नाराज होऊ नये म्हणून डॉक्टर जास्त गोळ्या लिहून देतील, अशी भीती डॉक्टरच बोलून दाखवू लागले. शेवटी २०१८ च्या आर्थिक वर्षापासून वेदनेचे गुण पैशाच्या हिशेबातून काढले गेले आणि २०१९ मध्ये ते प्रश्नच सर्वेक्षणातून गेले. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी सुमारे ५२ हजार प्रौढांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्या डॉक्टरवर सर्वाधिक समाधानी असलेल्या गटात औषधांवरचा खर्च जास्त होता, रुग्णालयात दाखल होणं जास्त होतं आणि मृत्यूचा धोका सर्वांत कमी समाधानी गटापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होता. समाधानामुळे माणसं मेली असा याचा अर्थ नाही, एवढं त्या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. पण समाधान वाढलं म्हणजे प्रकृती सुधारली, हे गृहीत मात्र त्यानंतर कुणाला निश्चिंतपणे धरता येणार नाही.

मुंबईतल्या खासगी रुग्णालयांत हे वेगळ्या रूपात दिसतं. डिस्चार्जच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर लिंक येते, पाच तारे द्यायचे असतात. लोक कशाबद्दल तारे देतात ते वाचून बघा. रिसेप्शनवरची मुलगी नम्र होती, खोली स्वच्छ होती, कॅशलेसचं काम लवकर झालं, कॅन्टीन चांगलं आहे. या गोष्टी रुग्णाला कळतात, म्हणून तो त्यांच्याबद्दल लिहितो. शस्त्रक्रिया मुळात गरजेची होती का, हे त्याला कळायला मार्गच नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांत झालेल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के सिझेरियनने झाली होती, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. सरकारीत कदाचित गरज असून काही होत नसतील आणि खासगीत गरज नसताना काही होत असतील. दोन्हीकडच्या आया हातात बाळ घेऊन घरी जाताना समाधानीच असणार. पाच ताऱ्यांतून हा फरक कधीही दिसणार नाही.

'ग्राहकाचं समाधान' ही कल्पना बाजारातून आली आहे आणि तिच्यामागे एक हक्क असतो : पटलं नाही तर मी दुसऱ्या दुकानात जाईन, नाही तर ग्राहक आयोगात जाईन. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं त्याच निकालाने बाहेर राहिली. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतले म्हणून त्यात फरक पडत नाही. म्हणजे ज्याला दुसरं दुकान नाही आणि ग्राहक आयोगही नाही, त्याच्याकडून आपण ग्राहकाचं समाधान मोजून घेतो. त्याला त्याऐवजी नागरिक म्हणून विचारायला हवं. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आजाराची आणि उपचाराची माहिती मिळणं, संमती देणं किंवा नाकारणं, खासगीपण, कागदपत्रांच्या प्रती, तक्रारीची दाद, हे सगळं त्यात आहे. यातला एकेक हक्क घेऊन साधा प्रश्न तयार होतो : तुमच्या बाबतीत हे घडलं का?

प्रश्न बदलणं हीच यातली खरी किल्ली आहे, असं मला वाटतं. गुण देऊ नका, काय घडलं ते सांगा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वे आणि जीन पिकर या दांपत्याच्या नावाने अमेरिकेत उभ्या राहिलेल्या संस्थेने हा विचार मांडला आणि २००२ पासून इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतली रुग्ण-सर्वेक्षणं त्याच वाटेने गेली. घरी जाताना औषधांचे कोणते त्रास होऊ शकतात हे कुणी सांगितलं का? अमेरिकेच्या त्या सर्वेक्षणातही आवर्जून घेण्यासारखा प्रश्न आहे : नवं औषध देताना ते कशासाठी आहे, हे किती वेळा सांगितलं गेलं? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. अशा प्रश्नाला उत्तर देताना कुणाला नावं ठेवावी लागत नाहीत. कृतघ्न ठरण्याची भीती राहत नाही. २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात रुग्णांचे असे अनुभव आणि उपचारांची सुरक्षितता व परिणामकारकता यांचा मेळ बसताना दिसला. मी समाधानाच्या आकड्यांवर एवढं बोलत असलो, तरी रुग्णाला विचारूच नका असं माझं म्हणणं नाही ते यामुळेच.

तीन महिन्यांनी मी आत्याला पुन्हा विचारलं. या वेळी "कसं वाटलं?" असं नाही विचारलं. "रात्री काय करायचीस?" असं विचारलं. ती म्हणाली, "संध्याकाळी सहानंतर पाणीच प्यायचे नाही." का? तर उठायला परवानगी नव्हती, बेडपॅन मागावा लागायचा, रात्रीला एकच मावशी, म्हणजे वॉर्डातली आया, ती दोन वॉर्ड बघायची. हाक मारायचा संकोच वाटायचा. एकदा तासभर थांबावं लागलं, तेव्हापासून तिने ठरवूनच टाकलं. हृदयविकाराची बाई, मुंबईचा मे महिना, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळनंतर तोंडात पाण्याचा थेंब नाही! मी रोज तिथे जात होतो आणि मला हे माहीत नव्हतं. 'परिचारिकांची वागणूक : उत्तम' या उत्तरात खोटं काही नव्हतं. सिस्टर खरंच चांगल्या वागल्या होत्या.

आणि विचारायचं कुणाला, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे अर्धी शुश्रूषा नातेवाईकच करतात. रक्ताचा नमुना लॅबमध्ये नेऊन देणं, रिपोर्टसाठी रांग लावणं, स्ट्रेचर ढकलणं, वॉर्डबॉय मामा सापडेना म्हणून एक्स-रेला स्वतःच घेऊन जाणं. त्यांना कुणी विचारत नाही. कागद फक्त डिस्चार्ज मिळालेल्यांना मिळतो. पण जो ओपीडीच्या रांगेत सकाळी सहापासून उभा राहून बाराला खिडकी बंद झाल्यावर परत गेला, त्याचं काय? एमआरआयची दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाल्यावर व्याजाने पैसे काढून बाहेर करून आला, त्याचं? 'डामा'वर सही करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी घेऊन गेला, त्याचं? सर्वांत नाराज माणसं मोजणीच्या आधीच निघून गेलेली असतात. धर्मादाय रुग्णालयांत २००६ पासून १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. त्या खाटांवरच्या माणसांचे अनुभव वेगळे काढून मांडले जावेत, ही मागणी तर सहज पूर्ण होण्याजोगी आहे.

विचारण्याची जागाही बदलता येईल. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. संध्याकाळी तिथे जाऊन बसलं, तर जे वॉर्डात कुणी बोलणार नाही ते ऐकायला मिळतं. तिथे पांढरा डगला घातलेलं कुणी समोर नसतं. मुंबईत समाजकार्य शिकवणाऱ्या संस्था आहेत, परिचर्या महाविद्यालयं आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला प्रत्येक मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडलेल्या शे-दोनशे लोकांना, घरी जाऊन किंवा दहाव्या दिवशी फोन करून, मराठीत, हिंदीत, भोजपुरीत वीस प्रश्न विचारले, तर त्याला काही कोटी रुपये लागणार नाहीत. आणि फोन करणाऱ्याने पहिलं वाक्य असं म्हणावं : "मावशी, गोळ्यांची पिशवी घेऊन बसा आणि कुठली कधी घेता ते मला सांगा." त्यातून सर्वेक्षणही होईल आणि एखादीचा स्टेंटही वाचेल.

निवासी डॉक्टरांचा यावर आक्षेप असतो आणि तो मी आदराने ऐकतो. केईएमसारखं १९२६ सालचं रुग्णालय घ्या. तिथे वर्षाला १८ लाख बाह्यरुग्ण आणि ८५ हजार आंतररुग्ण येतात, असं ते स्वतःबद्दल सांगतं. एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येत असतील, तर समजावून सांगायचं कधी? आणि असे प्रश्न विचारले की खापर शेवटी छत्तीस तास जागलेल्या मुलावर फुटणार, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच घडलेल्या गोष्टी विचारायच्या. 'डॉक्टरांची वागणूक : असमाधानकारक' हे उत्तर माणसाला दोषी ठरवतं. 'रात्री बेडपॅनसाठी तासभर थांबावं लागलं' हे उत्तर त्या पाळीला मावशी किती होत्या हे विचारायला लावतं आणि तो प्रश्न पदं न भरणाऱ्यांच्या टेबलावर जातो. डॉक्टरांच्या मागण्यांना रुग्णांच्या अशा नोंदींपेक्षा मोठा पुरावा मिळणार नाही.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात आणि मग मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉक्टरांवर हल्ले झाले, तेव्हा राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते. हल्ल्याचं समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण मला एक गोष्ट सतत खुपते. आपल्या रुग्णालयांत 'सगळं चांगलं आहे' आणि उगारलेला हात, यांच्यामध्ये बोलायला जागाच नाही. तक्रारपेटीला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नसतं. जे रोज थोडंथोडं बोललं गेलं असतं, ते साचून राहतं.

रुग्णालयांच्या भिंतींवर एक पाटी दिसते : डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्यास महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे शिक्षा होईल. ती पाटी हवीच. तिच्या शेजारी, केसपेपरच्या खिडकीजवळ, दुसरी पाटी लावावी अशी माझी मागणी आहे. मागच्या महिन्यात या रुग्णालयातल्या इतक्या लोकांना आम्ही घरी गेल्यावर विचारलं. गोळ्या कशाच्या आहेत हे त्यांच्या भाषेत इतक्यांना सांगितलं गेलं, इतक्यांना नाही. औषधं इतक्यांना बाहेरून आणावी लागली आणि सरासरी इतका खर्च आला. जमिनीवर इतक्यांना झोपावं लागलं. रात्री हाक मारल्यावर कुणी यायला इतका वेळ लागला. खाली, त्याच पाटीवर, रात्रपाळीला किती सिस्टर आणि किती मावशी होत्या, आणि मंजूर पदं किती आहेत.